सशाची गाठ फोडायची नसते

डॉक्टर बाईंनी आधी गाठीला हातच लावला नाही. टिल्लूला टेबलावरच्या रबरी चटईवर बसवलं, त्याचा मागचा भाग आपल्या पोटाशी दाबून धरला आणि दोन बोटं त्याच्या खालच्या जबड्याच्या कडेवरून सावकाश फिरवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मला राहवेना. म्हटलं, "गाठ खांद्यामागे आहे हो."

"दिसली मला, काकू. पण गाठ घेऊन आलेल्या सशाचे मी आधी दात बघते."

सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. गवत चावून ते झिजले नाहीत, तर मुळं उलटी हाडात घुसतात, तिथे पू धरतो आणि जबड्याखाली टणक गाठ येते. वरून कितीही उपचार करा, दात तसाच राहिला तर ती परत येते. टिल्लूचा जबडा दोन्हीकडून सारखा लागला, दाढाही ठीक निघाल्या. मग कुठे त्यांची बोटं खांद्याकडे वळली.

इंदूरला आमच्या लोकमान्यनगरात त्या दिवशी पावसाची झड लागली होती. गाठ मला सापडून चार दिवस झाले होते. मेथीची जुडी पुढे करताना हात त्याच्या पाठीवरून फिरला आणि केसांखाली सुपारीएवढं काहीतरी लागलं. शेजारच्या आजींनी अळशीचं पोटीस सुचवलं. पिकेल, फुटेल, पू वाहून जाईल. माणसाच्या गळवाचा त्यांचा अनुभव खोटा नव्हता. शेजारचा मुलगा तर घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप घेऊन आला. ते मी दिलं नाही, आणि ते किती बरं झालं हे दवाखान्यात समजलं. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू फोफावतात आणि गाठीने न मरणारा ससा औषधाने मरतो. लहान मुलाला चालणारं औषध सशाला चालत नाही, हे प्रत्येक ससेवाल्या घरात माहीत असायला हवं.

बाईंनी गाठ चिमटीत धरून हलवली. कातडीबरोबर सरकते का, खालच्या मांसाला चिकटली आहे का, गरम आहे का. मग बारीक सुई आत घालून सिरिंजचा दट्ट्या ओढला. काही आलं नाही. जाड सुई घेतली, तेव्हा टोकाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा लगदा आला. तो काचपट्टीवर पसरून, रंग चढवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "गळूच आहे. ट्यूमर नाही."

ससा आणि माणूस यांच्यातला फरक नेमका इथे आहे. आपल्या पुवात पांढऱ्या पेशींची विकरं ऊती विरघळवतात, म्हणून तो पातळ होतो आणि वाट मिळाली की वाहतो. सशाच्या पेशींत ती विकरं कमी. त्याचा पू चक्क्यासारखा घट्ट राहतो आणि शरीर त्याच्याभोवती जाड पिशवी विणतं. चीर दिली तरी तो वाहत नाही. थोडा दाबून काढला, तरी पिशवीच्या भिंतीत जंतू उरतात आणि दोन-तीन आठवड्यांत गाठ पुन्हा उभी राहते. म्हणून ती फोडायची नसते. आंब्याची कोय काढावी तशी पिशवीसकट अख्खी काढायची असते.

आत तयारी चालली होती, तेवढ्यात बाहेर बाकावर एक मुलगी आपली मादी घेऊन बसली. तिच्या गळ्याखाली मोठी गाठ आहे म्हणून ती रडवेली झाली होती. बाईंनी हात लावला आणि हसल्या. गायीची पोळी असते तशी वयात आलेल्या मादीच्या गळ्याखाली कातडीची जाड घडी येते, तीच ती. पण लगेच त्यांनी मादी उताणी करून स्तनांच्या रांगा चाचपल्या आणि वय विचारलं. गर्भाशय न काढलेल्या माद्यांना चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. पोटाखाली लागलेली गाठ म्हणूनच कधी हलकी समजायची नाही. तिच्या मागे ठेवलेल्या खोक्यातल्या सशाच्या नाकावर आणि पंजांवर राखाडी पापुद्रे होते. ती खरूज. आपल्याकडे दवाखान्यात येणारं हे नेहमीचं दुखणं. इव्हरमेक्टिनने ती बरी होते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा स्प्रे मात्र सशावर मारायचा नाही, त्याने ससे दगावतात.

मी त्या चार दिवसांत फोनवर नको नको ती चित्रं पाहिली होती. डोक्यावर शिंगांसारखे मस वाढलेले ससे, कातडीखाली अळी असलेले ससे. बाईंनी समजावलं. ते शिंगवाले मस अमेरिकेतल्या रानटी सशांचे. रिचर्ड शोप यांनी 1933 मध्ये त्यामागचा विषाणू दाखवून दिला. ती अळी घालणारी माशीही अमेरिका खंडातलीच. आपल्या पावसाळ्यातल्या माश्या वेगळ्या आहेत. त्या ओल्या जखमेवर किंवा घाणीने माखलेल्या शेपटीखाली अंडी घालतात, आणि एका दिवसात अळ्या पडतात.

शस्त्रक्रियेआधी टिल्लूला उपाशी ठेवलं नव्हतं, याचं मला नवल वाटलं. सशाला उलटी होतच नाही. उलट पोट रिकामं राहिलं तर आतडं थांबतं, आणि ते थांबणं गाठीपेक्षा घातक. केस काढायला मशीन लावलं तेव्हा बाईंनी कातडी बोटांनी ताणून धरली, कारण ती कागदासारखी फाटते. मास्कमधून भुलीचा वायू गेला, अंगाखाली गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. मग चीर. पात्यापेक्षा कात्रीचं बोथट टोकच जास्त चाललं, पिशवीच्या कडेकडेने, ती न फोडता. मला काचेतून दिसत होतं. एका जागी भिंत पातळ झाली होती. तिथे बाई थांबल्या, हात काढला, दुसऱ्या बाजूने आल्या. शेवटी पिशवी अख्खी बाहेर आली, फुगलेल्या काबुली चण्यापेक्षा थोडी मोठी. टाके कातडीच्या आतून घातले, बाहेर धागा ठेवला नाही. बाहेरचा धागा ससा दातांनी कापतो.

ट्रेमध्ये ती पिशवी उघडली तेव्हा मधोमध तारेचा गंजलेला तुकडा होता. आमच्याच पिंजऱ्याच्या कोपऱ्यातला.

घरी आल्यावरची रात्र अवघड गेली. मेलॉक्सिकॅमचे थेंब दिले, भिजवलेला चारा सिरिंजने गालात सोडला आणि दर तासाला लेंड्या मोजल्या. पहाटे चारला पहिल्या सात पडल्या, नंतर त्याने स्वतःहून गवताची काडी ओढली. त्याच आठवड्यात जाळीचा पिंजरा मोडीत दिला. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून तिथेही फोड आणि जखमा होतात. आता टिल्लू सतरंजीवर आणि गवतावर राहतो.

तुमच्याकडे ससा असेल तर दर रविवारी पाच मिनिटं काढा. जबड्याची कड, कानाची आतली बाजू, खांदे, पोट, तळवे, शेपटीखाली, सगळीकडे बोटं फिरवा. काही लागलं तर पोटीस नको, सुई नको, दाबून बघणं नको. सशाला खोक्यात गवत घालून बसवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.