बदकाचीं अंडीं व यंत्राची ऊब

परसांत बदकें पाळावयाचीं, तर अंडीं कोणी उबवावीं हा पहिला प्रश्न. इंग्लंडांत निपजलेल्या खाकी कॅम्पबेल जातीची मादी अंडीं पुष्कळ देते, परंतु ती क्वचितच खुडूक होते. म्हणून आम्ही उबवणी-यंत्राचा आश्रय घेतों.

पंखा असलेल्या यंत्रांत २८ दिवस सुमारें ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता राखावी. अंडीं दिवसांतून तीन ते पांच वेळां फिरवावीं. नाहीं तर गर्भ कवचाच्या आंतील पापुद्र्यास चिकटतो. सातव्या दिवशीं अंधारांत अंडें दिव्यापुढें धरावें. तांबड्या शिरांचें जाळें दिसल्यास आंत जीव वाढत आहे, असें समजावें. पंचविसाव्या दिवशीं फिरविणें थांबवून यंत्रांतील ओलावा वाढवावा.

खरी कसोटी यापुढेंच आहे. पिल्लू कवचास भोंक पाडतें, आणि मग दिवसभर, कधीं त्याहूनहि अधिक वेळ, स्वस्थ राहतें. तें थकलें असें वाटून आपण कवच सोलूं लागतों. परंतु त्या वेळीं रक्तवाहिन्या आटलेल्या नसतात, व बलकहि पुरता पोटांत गेलेला नसतो. अशी उतावीळ दया त्याचा प्राण घेते. मुलांनो, वेळेवर हात लावणें आणि वेळेवर हात आवरणें, दोन्ही मिळूनच संगोपन होतें.