बॅटरी राहिली, मास्क गेला

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात रात्रीच्या लायटीवर पाणी भरायला निघालेला माणूस हातात बॅटरी घेतो, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो, शक्यतो कुणाला सोबत नेतो. बिबट्यामुळे लागलेल्या या सवयी दोन दशकांहून अधिक काळ टिकल्या आहेत. मास्क मात्र २०२२च्या गुढीपाडव्याला करोनाचे निर्बंध उठले, त्याच्या कितीतरी आधीच हनुवटीवर उतरला होता. ‘लोक कंटाळले’ हे त्याचं उत्तर मला पटत नाही.

संशोधक अ‍ॅना पेथरिक आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतली २०२०ची माहिती तपासली. अंतर राखणं हळूहळू सैल झालं होतं; मास्क वापरणं उलट वाढलं होतं. म्हणजे तीच माणसं एक नियम सोडत होती आणि दुसरा धरत होती. मास्कला फारसं काही मोजावं लागत नाही. अंतराची किंमत नारायणगावात जाऊन विचारावी. पाडव्याच्या सुमाराला इथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी द्यायला येतात. २०२० आणि २०२१ची ती सुगी बुडाली. कलावंतांचं वर्षाचं पोट त्यावर चालतं. टोमॅटोच्या बाजारातही लिलावाला माणसं जवळ येणारच. याला बेफिकिरी म्हणणं अन्याय आहे.

मग पुढे मास्क का उतरला? बिबट्या स्वतःची बातमी देतो: ओल्या बांधावर ठसे, पहाटे नाहीसं झालेलं कुत्रं. विषाणूची बातमी काही दिवस उशिरा येते आणि काळजी घेतलेल्या घरात तर काहीच घडत नाही. लाट ओसरली की धोका दिसेनासा होतो, मास्कही खिशात जातो. म्हणून पुढच्या साथीत गावातल्या रुग्णांचा ताजा आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला हवा.

सवय २१ दिवसांत लागते, हा समजही सोडून द्यावा. तो मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. नव्या चेहऱ्याला रुळायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं! लंडनच्या संशोधक फिलिपा लॅली यांनी प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. रोज ठरावीक प्रसंगालाच ती कृती जोडायची, ही अट होती. त्यांचा आणखी एक निष्कर्ष करोनाकाळात कुणी फारसा सांगितला नाही: एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात म्हणावा असा खंड पडत नाही.