श्यानस्थितिस्थापक समीकरणांच्या उकलींचा विस्फोट

अवकल समीकरणाची उकल सांत, म्हणजे मर्यादित काळातच अमर्याद मोठी होते, तेव्हा त्या उकलीचा विस्फोट झाला असे गणितात म्हणतात. अरेषीय श्यानस्थितिस्थापक तरंग समीकरणात अवमंदन असतानाही विस्फोट केव्हा होतो, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

साधे उदाहरण

एखाद्या राशीच्या वाढीचा वेग त्या राशीच्या वर्गाइतका असून तिचे प्रारंभिक मूल्य १ आहे असे मानू. ०.५ एकक काळाने ती २, ०.९ एककांनी १० व ०.९९ एककांनी १०० होते. काळ १ च्या निकट जाताना ती सर्व मर्यादा ओलांडते. वेग राशीच्या केवळ प्रमाणात असता, तर वाढ कितीही जलद झाली तरी प्रत्येक क्षणी मूल्य सांतच राहिले असते.

समीकरणाचे घटक

रबरासारख्या पदार्थांत स्प्रिंगची स्थितिस्थापकता आणि दाट द्रवाची श्यानता हे दोन्ही गुण असतात. त्यांतील ताण त्या क्षणाच्या विकृतीवरच नव्हे, तर पूर्वीच्या सर्व विकृतींवर अवलंबून असतो. ही कल्पना लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७४ मध्ये मांडली. समीकरणात ती स्मृतिपदाच्या रूपाने येते; जुन्या विकृतींचा प्रभाव त्यात कालांतराने ओसरत जातो. याखेरीज गतीला विरोध करून ऊर्जा घटवणारे अवमंदन पद आणि विस्थापनाच्याच दिशेने ढकलून ते वाढवणारे स्रोत पद असते.

प्रमुख निष्कर्ष

रेषीय अवमंदन असतानाचा विस्फोट हॉवर्ड लेव्हिन यांनी १९७४ मध्ये सिद्ध केला. स्मृतिपद नसलेल्या समीकरणातील अरेषीय अवमंदनाचा विचार गेओर्गिएव व तोदोरोव्हा यांनी १९९४ मध्ये केला. स्मृतिपदासह हा प्रश्न सलीम मेसाऊदी यांनी २००३ मध्ये हाताळला. स्मृतिपदावरील योग्य अटींखाली निर्णय दोन घातांकांच्या तुलनेवर येतो. अवमंदनाचा घातांक स्रोताच्या घातांकाइतका किंवा त्याहून मोठा असेल, तर उकल सर्वकाळ टिकते. स्रोताचा घातांक मोठा असून प्रारंभिक ऊर्जा ऋण असेल, तर विस्फोट अटळ ठरतो. स्रोताचा वाटा एकूण ऊर्जेतून वजा केला जात असल्याने ती ऋण असू शकते. काही धन प्रारंभिक ऊर्जांसाठीही विस्फोट होतो, हे मेसाऊदी यांनी २००६ मध्ये दाखवले.

सिद्धतेचे सूत्र

अवमंदन व स्मृती यांमुळे ऊर्जा वाढू शकत नाही; म्हणून आरंभी ऋण असलेली ऊर्जा पुढेही ऋणच राहते. तिच्या आधारे एक साहाय्यक राशी रचली जाते. तिच्या वाढीचा वेग तिच्याच एकाहून मोठ्या घाताच्या प्रमाणात किंवा त्याहून अधिक असतो. त्यामुळे वरील साध्या उदाहरणाप्रमाणे ती सांत काळात अमर्याद होते. अशा प्रकारे, ऊर्जा घटवणारे अवमंदनच येथे विस्फोट रोखण्यास अपुरे पडते.

अर्थ

गणिती विस्फोट म्हणजे प्रत्यक्ष पदार्थाचा स्फोट नव्हे. त्या क्षणापलीकडे हे समीकरण पदार्थाचे वर्णन करू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.