इंजिनाच्या पोटातली ऊब

आंबिया बहाराचा संत्रा तुटू लागला की पांढुर्ण्याच्या मंडईत खरी वर्दळ रात्रीच असते. प्रतवारी होते, कॅरेट भरतात, हमालांच्या पाठी वाकतात आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी ताडपत्री आवळली जाते. मुलताई-बैतूलच्या वाटेनं उत्तरेकडे निघायची गाडी पहाटेच सुटली पाहिजे. नेमक्या त्याच वेळी ड्रायव्हर किल्ली फिरवतो, इंजिन दोन-चार वेळा कण्हल्यासारखं फिरतं आणि गप्प होतं. ‘गाडी पकडून नाही राह्यली,’ एवढंच कोणीतरी बोलतं. शेतकरी, अडत्या, क्लीनर सगळ्यांचे कान मग त्या एका आवाजाकडे लागतात. माझे लहानपणापासून लागलेले आहेत.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलांचा मिळून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला. नागपूरच्या सपाटीवरून इथं आलं की सातपुड्याचा उंबरठा लागतो. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट चढला की काचेवरचं दव वायपरनं पुसावं लागतं. आपल्याकडची थंडी ती कितीशी, असं कोणी म्हणेल. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी खाली नागपुरातच पारा ३.५ अंशांवर आला होता. आणि आपल्या देशातल्या डिझेलच्या मानकानुसार, हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलनं ६ अंशांपर्यंत गाळणीतून सुरळीत वाहिलं की पुरे, उन्हाळ्यातल्या डिझेलला तर ही मर्यादा १८ अंशांची आहे. त्याखाली डिझेलमधल्या मेणाच्या कणांनी फिल्टर तुंबू शकतो. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल बरेचदा यापेक्षा बरं निघतं. तरी सप्टेंबरमध्ये भरून ठेवलेलं पिंपातलं डिझेल डिसेंबरच्या पहाटे गाडीत ओतणाऱ्यानं हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

इंजिन मात्र बहुतेक वेळा डिझेल गोठल्यामुळे अडत नाही. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी असते, डिझेलच्या गाडीत ती नसते. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये यशस्वी ठरलं ते याच जोरावर. हवा सोळा-सतरा पट दाबायची, दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची बारीक फवार सोडली की ती आपणहून पेटते. म्हणजे या यंत्राचा विस्तव त्याच्या स्वतःच्या दाबातून जन्मतो. रात्रभर गारठलेला लोखंडी ब्लॉक ही उष्णता शोषून घेतो. ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, बॅटरीचा जोर ओसरलेला असतो, त्यामुळे सेल्फ इंजिनाला हळू फिरवतो. हळू फिरलं की दाबलेली हवा पिस्टनच्या कडेनं निसटते आणि उष्णता भिंतींत जिरते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. न पेटलेलं डिझेलच ते. ते सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइलही धुऊन नेतं, म्हणून अशा प्रत्येक पहाटे इंजिन थोडं थोडं झिजत असतं.

अशा वेळी आपल्याकडे काय केलं जातं ते मी पाहिलेलं आहे, आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. बोळ्याला डिझेल लावून तो पेटवायचा आणि ऑइलच्या चेंबरखाली धरायचा. टाकीखाली काटक्यांचा जाळ करायचा. हवेच्या नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा फडका धरून सेल्फ मारायचा. आमच्या वाडीसमोर उभ्या असलेल्या एका गाडीच्या वायरिंगनं असाच पेट घेतला होता. माती टाकून आग विझली, माल वाचला, पण क्लीनर पोराचे दोन्ही तळहात भाजले. तो माझ्याहून फार मोठा नव्हता. त्या इंजिनाला ऊब हवी होती आणि त्याला दिली गेली आग. या दोन्हींत फरक आहे, आणि जगात दुसरीकडे लोकांनी तो फार पूर्वी ओळखला.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं ग्रँड फोर्क्स हे कडाक्याच्या थंडीचं गाव. तिथल्या वीज सहकारी संस्थेचं काम पाहणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा बोल्ट बसवला. त्याचं पेटंट त्यांना १९४९ साली मिळालं. पुढे ही जागा बदलली. इंजिनाच्या ब्लॉकच्या अंगावर गोल पत्र्याची बुचं असतात, त्यांतलं एक काढून तिथं तापणारी कांडी बसवू लागले. आपल्या न्हाणीघरात बादलीत सोडतो तो रॉड डोळ्यांसमोर आणा. तोच रॉड लहान करून इंजिनाच्या पोटातल्या कूलंटमध्ये सोडला, की झाला ब्लॉक हीटर. ताकदही साधारण त्याच घरातली. मोटारीला चार-पाचशे वॉट पुरतात, ट्रकच्या मोठ्या इंजिनाला हजार ते दीड हजार लागतात. तापलेलं कूलंट हलकं होऊन वर चढतं, गार खाली येतं. पंप नको, पंखा नको. दोन-चार तासांत ब्लॉकचं लोखंड हाताला कोमट लागतं, त्याच्या संगतीनं ऑइलही थोडं सैल होतं, आणि पहिल्याच सेल्फला इंजिन पकडतं.

कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरात जानेवारीतलं सरासरी किमान तापमान उणे २१ अंशांच्या आसपास असतं. तिथं गाड्यांच्या जाळीतून वायरची शेपटी बाहेर लोंबत असते आणि पार्किंगच्या खांबांवर प्लगची सोय असते. नवीन गेलेल्या आपल्या माणसांना हे पाहून वाटतं, इथं काय सगळ्याच गाड्या विजेवर चालतात? रात्रभर हीटर चालू ठेवायचीही गरज नसते. टायमर लावून निघण्याच्या तीनेक तास आधी तो सुरू करतात. हजार वॉटच्या हीटरला तीन तासांत तीन युनिट लागतात. उलट गाडी गार पडू नये म्हणून ट्रकचं इंजिन रात्रभर नुसतं चालू ठेवलं, तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं, आणि शेजारी झोपलेल्यांच्या छातीत धूर जातो तो वेगळाच.

या कांडीच्या मर्यादा माहीत असाव्यात. ती टाकीतलं डिझेल तापवत नाही, त्यासाठी फिल्टरपाशी वेगळी सोय लागते. ती बॅटरी चार्ज करत नाही. कूलंट कमी असताना किंवा आत हवा अडकलेली असताना चालू केली तर जळून जाते. वायर जाड आणि अर्थिंगची हवी. उत्तर अमेरिकेतला हीटर ११०-१२० व्होल्टचा असतो, तो कोणी कौतुकानं आणून आपल्या २३० व्होल्टला लावू नये. आणि निघताना प्लग काढायला विसरू नये.

मग पांढुर्णा-सौंसरच्या ट्रकला हा हीटर बसवावा का? मला विचाराल तर नको. आपली थंडी तेवढी नाही. दोन्ही बॅटऱ्या धडधाकट ठेवाव्यात, त्यांची टोकं घासून घट्ट करावीत. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच घालावं, १५डब्ल्यू-४० मधला ‘डब्ल्यू’ हा विंटरचाच आहे. फिल्टरमधलं पाणी काढावं. गाडीला हीटर प्लग किंवा हवा तापवणारी जाळी असेल, तर डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबावं. बहुतेक जण तेवढंही थांबत नाहीत. इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ हलक्या पायानं गाडी चालवावी, जागेवर रेस करून गुरगुरवू नये. इतकं केलं तर इथल्या गारठ्यात कुणाला जाळ करावा लागणार नाही.

उत्तरेकडे डोंगरात जाणाऱ्या ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. लडाखमध्ये उणे तीसला साधं डिझेल वाहत नाही, म्हणून इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीतलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं. नव्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरसाठी लागणारं युरियाचं द्रावणही उणे ११ ला गोठतं, म्हणून त्याच्या टाकीलाही ऊब देण्याची तजवीज करावी लागते. तिथं ब्लॉक हीटर ही चैन नाही. माल घेऊन त्या वाटेनं जाणाऱ्याला तो मिळालाच पाहिजे, आणि गाडी जिथं थांबते तिथं प्लगही मिळाला पाहिजे.

आमच्या बागेतल्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं. थंडीच्या दिवसांत आई पहाटे चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवायची, त्यातली पहिली कळशी बाबा विहिरीवर न्यायचे. उकळतं पाणी गार लोखंडावर ओतलं तर तडा जातो, म्हणून ते आधी त्यात विहिरीचं पाणी मिसळून, बोट बुडवून बघायचे. मग इंजिनाच्या पाण्याच्या कप्प्यात हळूहळू धार सोडायचे. पहिलं पाणी गार होऊन वाहून गेलं की दुसरं. तळहात ब्लॉकवर ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. हाताला कोमट लागलं की मला म्हणायचे, ‘आता सरक मांगं,’ आणि दाब सोडायची कळ उचलून हँडल फिरवायला लागायचे. कळ पाडली की दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्याला इंजिन पकडायचं, आणि संत्र्याच्या आळ्यांत पाणी निघायचं.