सॉफ्टवेअर बनवून घेताय? आधी मुनीमजींना विचारा!

दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर बनवून घेण्याकडे हल्ली आपल्या व्यापारी बंधूंचा कल दिसतो. पैसा जातो, सहा महिने जातात आणि मुनीमजी पुन्हा वही उघडून बसतात. प्रोग्रॅमची बेरीज-वजाबाकी चुकते असे नाही. तो वापरणाऱ्याच्या हाताला बसत नाही. हा दोष आधीच काढण्याच्या कसबाला संगणकवाले ‘यूजर एक्सपीरियन्स डिझाइन’ म्हणतात. नाव बोजड, पण काम शिंप्याचेच. माप आधी, कात्री नंतर.

याचा उत्तम नमुना आपल्या धंद्याच्या शेजारीच घडला आहे. श्यामसुंदर गोयंका हे कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणित शिकलेला मुलगा भारत यालाच त्यांनी ते लिहायला लावले. १९८६ साली सुरू झालेले हे काम पुढे ‘टॅली’ या नावाने दुकानोदुकानी पोहोचले. त्याआधीच्या प्रोग्रॅमांत प्रत्येक खात्याला कोड नंबर द्यावा लागे व तो लक्षात ठेवावा लागे. टॅलीने ती कटकटच काढून टाकली. पार्टीचे नाव लिहा, खाते हजर! ज्याला जमा-नावे कळते त्याला पुरेसे. २०२० साली भारत गोयंका यांना पद्मश्री मिळाली.

गोयंकांचे गिऱ्हाईक घरातच होते. आपला प्रोग्रॅमर मात्र परका असतो, तेव्हा त्याला गर्दीच्या वेळी दोन दिवस गादीवर बसवावे. तागा फाडून विकला जातो, एकाच पार्टीची दोन नावे चालतात, वटाव माल गेल्यावर ठरतो, बिल निम्मे झाले की लाईट जाते, हे त्याला तिथेच दिसेल. मालकाला विचाराल तर तो कायदा सांगतो. मुनीमजी प्रत्यक्षात काय करतात ते निराळेच असते.

मग पडदे आधी कागदावर काढून घ्यावेत. ‘पाम पायलट’ हे खिशातले यंत्र १९९६ साली बाजारात आले. ते बनवण्याआधी जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि त्यावर लिहिण्याचा नुसता अभिनय करीत. लोक हसले असतील, पण ठोकळा तासून बदलता येतो. प्रोग्रॅम लिहून झाल्यावर तीच दुरुस्ती महागात पडते.

तपासणीला गर्दी लागत नाही. जेकब नील्सन या तज्ज्ञाच्या मते पाच माणसांकडून वापरून घेतले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. मात्र त्या वेळी ‘इथे दाबा, तिथे दाबा’ असे सांगू नये. बोट कुठे अडखळते ते गुपचूप टिपून घ्यावे. यात तरुण मुलापेक्षा चष्मा लावणारा जुना माणूस जास्त उपयोगी.

सौदा करतानाच एक अट लिहून घ्यावी: मुनीमजी कोणाला न विचारता दहा बिले आणि एक माल-परत नोंदवतील, त्यानंतरच शेवटचा हप्ता मिळेल.