पहिली सहा वर्षे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे एक जुने परिचित आले. बँकेत नोकरीला आहेत. त्यांची कन्या आठवीपासून दहावीपर्यंत आमच्याच शाळेत होती. पुढे तिने चित्रकलेची पदवी घेतली आणि आता फ्रान्समधील एका कलाशाळेत तिला प्रवेश मिळाला आहे. गृहस्थांनी फराळाच्या ताटाला हातही लावला नाही. म्हणाले, "सर, पोर जायचंच म्हणते. पहिल्या दोन वर्षांची सोय मी करीन कशीबशी. पण पुढं काय? चित्रं काढून तिथं पोट भरतं का, ते तुम्ही सांगा."

आम्ही चित्रकार नव्हे. आमची चित्रकला फळ्यावर भारताचा नकाशा काढण्यापलीकडे कधी गेली नाही. तरीही हा प्रश्न आम्हास अगदीच अपरिचित नव्हता. नर्मदेकाठच्या जिल्ह्यांतून बदल्या होत होत आमची नोकरी गेली. त्यांत काही वर्षे मंडला जिल्ह्यात काढली आणि तेथे सय्यद हैदर रझा हे नाव वारंवार कानी पडले. जंगलखात्यातील एका नोकरदाराचा हा मुलगा. २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी जन्मला आणि पुढे साठ वर्षे फ्रान्समध्ये चित्रकार म्हणून राहिला. तेव्हापासून परदेशी गेलेल्या चित्रकारांविषयी जे मिळेल ते वाचण्याची आम्हास सवय लागली. त्या वाचनाच्या आधारावर आम्ही त्या गृहस्थांशी दोन तास बोललो. त्यातलेच काही येथे मांडतो. ज्या घरांतील मुले आज परदेशाची वाट धरीत आहेत, त्यांच्या वडीलधाऱ्यांस कदाचित त्याचा उपयोग होईल.

१९४७ साली मुंबईत सहा तरुण एकत्र आले आणि त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्याच्या साळगावचे. रझा आपल्या मध्य प्रांतातले. हुसेन यांचे बालपण व कलाशिक्षण इंदूरचे, हे तेथील वाचकांस सांगावयास नकोच. आरा, गाडे हे आणखी दोघे. सहावे सदानंद बाकरे. यांचा जन्म १९२० साली बडोद्यास झाला. सहांमध्ये मूळचे शिल्पकार असे हे एकटेच. या सहांपैकी तिघांनी अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने देश सोडला. सूझा १९४९ मध्ये लंडनला, रझा १९५० मध्ये पॅरिसला आणि बाकरे १९५१ मध्ये लंडनला. तिघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, वयाने जवळजवळ बरोबरीचे आणि गुणवत्तेत कोणी उणा नाही. तरीही तिघांचे पुढे जे झाले ते एकमेकांपासून फार वेगळे झाले. गुणाचा प्रश्न बाजूस ठेवून परदेशी जम कशाने बसतो हे पाहावयाचे असेल, तर याहून चांगला दाखला आमच्या माहितीत नाही.

प्रथम रझांचे पाहू. ककैया येथील शाळेत असताना या मुलाचे मन वर्गात ठरत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्यास त्यावर नजर स्थिर करून बसावयास सांगितले. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी हाच ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला आणि जगभर त्यांची ओळख ठरला. (आजच्या आमच्या शाळा-निरीक्षणाच्या अहवालात असल्या तासाची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हा प्रश्नच आहे.) तेथून दमोहचे सरकारी हायस्कूल, मग नागपूरची कलाशाळा, मग मुंबई. सुरुवातीस त्यांनी मुंबईत ब्लॉक बनविणाऱ्या एका स्टुडिओत आरेखकाची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात चित्रे काढली.

फाळणीच्या आगेमागे आईवडील गेले. भावंडे पाकिस्तानात निघून गेली. रझा गेले नाहीत. अशा मनःस्थितीत १९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रे काढीत असता प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची गाठ पडली. ब्रेसाँ यांनी चित्रे पाहून सांगितले की, रंग चांगले आहेत, परंतु चित्रास बांधणी नाही. घराला पाया आणि भिंती लागतात, तशी चित्रासही रचना लागते. ती समजून घ्यावयाची असेल तर सेझान पाहावा. दुसरा कोणी असता तर रागावला असता. रझांनी मुंबईस परतल्यावर फ्रेंच भाषेच्या वर्गात नाव घातले. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे असेल, पण त्यांच्या साऱ्या चरित्रात आम्हास ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शिष्यवृत्ती हाती येण्यापूर्वी, बोटीचे तिकीट निघण्यापूर्वी, ज्या देशात जावयाचे त्या देशाची भाषा त्यांनी येथेच शिकावयास घेतली.

१९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पॅरिसच्या एकोल दे बोझार या जुन्या कलाशाळेत दाखल झाले. शिष्यवृत्ती म्हणजे दोन-तीन वर्षांची भाकरी. ती संपल्यावर काय, हा आमच्या परिचितांचा प्रश्न रझांपुढेही उभा राहिला. त्यांनी पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रे केली आणि हिंदीच्या शिकवण्या धरल्या. पॅरिसमध्ये बसून 'अ-आ-इ-ई' शिकवून खोलीचे भाडे भरणारा चित्रकार! १९५२ मध्ये गॅलरी सेंट प्लासीद येथे सूझा, अकबर पदमसी आणि रझा अशा तिघांचे एकत्र प्रदर्शन झाले. पुढे लारा विन्सी यांच्या गॅलरीने त्यांच्याशी करार केला.

हा करार म्हणजे काय, हे आपल्याकडील पालकांस ठाऊक नसते. गॅलरी ही केवळ चित्रे टांगण्याची जागा नव्हे. चित्रकाराचे काम ती आपल्याकडे घेते, गिऱ्हाईक शोधते, टीकाकारांस बोलावून आणते, विक्रीतून आपला हिस्सा ठेवते आणि उरलेले चित्रकारास देते. व्यवहार चोख असेल तर चित्रकाराची दुकानदारीतून सुटका होते. परक्या देशात, परक्या नावाच्या माणसाच्या वतीने त्या देशातीलच कोणी तरी बोलणारा लागतो, आणि ते काम गॅलरी करते.

१९५६ साली रझांना 'प्री द ला क्रितीक' हा पॅरिसच्या कलासमीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकारास तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पॅरिसला पाऊल ठेवल्यापासून सहा वर्षे. १९५९ मध्ये सहाध्यायी जानीन मोंजिला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः चित्रकार होत्या. २००२ साली त्या वारल्या, तोपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे त्यांच्यामुळे रझांना त्या देशात घर होते, सासर होते, आपली माणसे होती. मोठ्या चित्रकाराच्या घरातील दुसऱ्या चित्रकाराचे नाव लोकांच्या ओठी येत नाही, हे मात्र खरे.

आता सूझा. त्यांचा स्वभाव रझांच्या नेमका उलट. १९४५ मध्ये जे. जे.मधून काढून टाकलेले. १९४९ मध्ये मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांची चित्रे अश्लील ठरवून उतरविण्यात आली. त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. तेथील पहिली वर्षे फार ओढग्रस्तीची गेली. घर चालले ते मुख्यतः पत्नी मारिया यांच्या कमाईवर. पण सूझांच्या हाती आणखी एक शस्त्र होते, ते लेखणीचे. १९५५ मध्ये 'एनकाउंटर' या नावाजलेल्या मासिकात त्यांचा आत्मचरित्रात्मक लेख आला. मासिकाचे एक संपादक कवी स्टीफन स्पेंडर यांनीच त्यांची गाठ 'गॅलरी वन'चे व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्याशी घालून दिली, आणि त्याच वर्षीच्या प्रदर्शनात सूझांची सर्व चित्रे विकली गेली. १९४९ ते १९५५. पुन्हा सहाच वर्षे! पुढे १९५६ ते १९६० हॅरॉल्ड कोव्हनर या अमेरिकन संग्राहकाने त्यांची चित्रे नेमाने घेतली आणि लंडनच्या कलाजगतात हा गोमंतकीय माणूस पहिल्या रांगेत जाऊन बसला. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तेथे मात्र लंडनचे नाव बरोबर आले नाही. एका देशात जमलेली बैठक दुसऱ्या देशात उचलून नेता येत नाही, हे त्यांना मध्यमवयात कळले. २८ मार्च २००२ रोजी मुंबईस आले असता त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांना कोट्यवधींचे मोल आले ते बहुतांशी त्यांच्या पश्चात.

आणि बाकरे. यांच्याविषयी लिहावयाचे ते थोडके आहे, आणि तेच आम्हास खुपते. मुंबईस असताना नाव झालेला हा शिल्पकार लंडनला गेला आणि मिळेल ते काम करून पोट भरू लागला. शिल्पाला जागा लागते, सामान लागते, वजन पेलणारी जमीन लागते. भाड्याच्या खोलीत दगड फोडणार कोठे? लंडनमध्ये ते अधिकाधिक चित्राकडे वळले. त्यांची प्रदर्शने झाली, लोकांनी वाखाणलेही. परंतु लारा विन्सी किंवा कोव्हनर यांच्यासारखे वर्षानुवर्षे पाठीशी उभे राहणारे कोणी त्यांस लाभल्याचे दिसत नाही. बाकरे लंडनमध्ये थोडेथोडके नव्हे, चोवीस वर्षे राहिले. १९७५ मध्ये परत आले ते मुंबईस नव्हे, बडोद्यासही नव्हे, तर कोकणात दापोलीजवळच्या मुरुड-हर्णै येथे. महर्षी कर्व्यांचे मुरुड ते हेच. तेथे ते कलाजगतापासून दूर, जवळजवळ अज्ञातवासात राहिले आणि २००७ च्या डिसेंबरात गेले. काम त्यांनी सोडले नाही. तरीही सहांची नावे सांगताना सहावे नाव आठवण्यास आजही लोकांस विलंब लागतो. बडोद्याच्या आमच्या वाचकांनी तरी ते विसरू नये.

यास कोणी अपयश म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. परंतु या तिघांच्या हकिगती ऐकल्यावर परदेशी निघालेल्या मुलास केवळ रझांची गोष्ट सांगणे हे आम्हास अप्रामाणिकपणाचे वाटते. आपल्याकडे यशाच्या कथा नेहमी सातव्या वर्षापासून सुरू होतात. त्याआधीच्या सहा वर्षांत चूल कोणी पेटविली, हे कोणी लिहीत नाही. रझांच्या बाबतीत ती हिंदीच्या शिकवण्यांनी पेटविली, सूझांच्या बाबतीत मारियांनी. बाकऱ्यांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या दोन हातांनी, आणि तेच हात दिवसभर दुसऱ्याच कामात गुंतलेले.

रझांविषयी आणखी एक गोष्ट, जी विशेषतः आपल्या घरांस जवळची वाटावी. पॅरिसमध्ये सर्व काही मिळाल्यावर, १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकवून आल्यावर, सत्तरीच्या दशकात त्यांना आपल्याच चित्रांचा कंटाळा आला. आपण उत्तम फ्रेंच चित्रे काढतो, पण यात मी कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. मग भारतात फेऱ्या सुरू झाल्या. अजिंठा-वेरूळ, काशी, राजस्थान आणि मंडलाही. त्यानंतर चित्रांत बिंदू आला, आणि चित्रांवर चक्क देवनागरी अक्षरे आली. १९८१ च्या 'माँ' या त्यांच्या चित्रावर कवी अशोक वाजपेयी यांच्या कवितेची हिंदी ओळ लिहिलेली आहे. १९८३ चे 'सौराष्ट्र' हे चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २४ लाख पौंडांस गेले. साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही भारताचे नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, गुजराती किंवा कानडी अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची राहणी. दोन भाषांत राहणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाही. २०१० च्या अखेरीस ते दिल्लीस परतले. २३ जुलै २०१६ रोजी वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. आम्ही तेथे जाऊन आलो आहोत.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांस सांगितले. मुलगीही मागाहून आली होती. तिने पिशवीतून फ्रेंचची वही काढून दाखविली. ती सहा महिन्यांपासून वर्गास जात होती आणि रविवारी गल्लीतील मुलांना चित्रकला शिकवून फी स्वतःच भरीत होती. वडिलांस हे ठाऊक नव्हते. त्यांनी वही हाती घेतली, चार पाने उलटली, मग खिशातील डायरी काढून तीत '६' हा आकडा लिहिला आणि बोटांवर काही मोजू लागले.

"सर," ते म्हणाले, "माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरलीत. म्हणजे दोन वर्षं पेन्शनवर काढावी लागतील."

"बाबा, ती दोन माझी," मुलगी म्हणाली.

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिले. मग फराळाचे ताट पुढे ओढून चकलीचा तुकडा मोडला.