बांधकामाचा आठवडी हिशेब

वाशीम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा १ मे २०२१ रोजी खुला होईल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले होते. प्रत्यक्षात तो ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. कारंजा-रिसोडकडच्या साध्या घरबांधणीतही तारखा अशाच टळतात. दर आठवड्याला थोडे थोडे काम मागे राहत जाते.

ही घसरण मोजण्याची सोपी रीत अमेरिकेतील ग्लेन बॅलर्ड व ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात मांडली. सोमवारी आठवड्याची कामे लिहावीत, शनिवारी पुरी झालेली मोजावीत. दहापैकी सहा झाली तर ६० टक्के. अर्धवट काम धरायचे नाही. त्यांच्या पाहणीत हे प्रमाण सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपास निघाले.

राहिलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहावे. रेती आली नाही? सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर अडकल्या? स्लॅबआधी विजेचे पाइप टाकायचे राहिले? महिन्याभरात तेच कारण पुन्हा पुन्हा आले, की उणीव कारागिरीत आहे की नियोजनात, हे कळते. पुढच्या यादीत मग साहित्य, माणसे व आधीचे काम तयार असलेलीच कामे घ्यावीत. मात्र टक्का वाढावा म्हणून सोपी कामे लिहिणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

लहान ठेकेदारांनी अशी वही जरूर ठेवावी. मजुराची रोजी बुडत नाही, घरमालकाला दिलेला शब्द पाळता येतो, आणि पुढचे काम त्या शब्दावरच मिळते.